पान पालथं घालून बघा: जपानमधल्या 'आई-लेकरू' रोपाची आणि त्याच्या तपकिरी सोयऱ्यांची ओळख

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोक्योतल्या आराकावा नदीच्या बांधावर चालायला गेलात, तर कोवळ्या गवतात जागोजागी हळदीची चिमूट टाकल्यासारखे पिवळे ठिपके दिसतील. गुडघे टेकून जवळ जा. वीतभर उंचीचं रोप, खोडापानांवर पांढरी मऊ लव आणि शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळ्या बोंड्यांचा दाट गुच्छ. हीच हाहाकोगुसा. 'हाहा' म्हणजे आई, 'को' म्हणजे लेकरू, 'कुसा' म्हणजे गवत.

आता तिथेच बसून आजूबाजूला नजर फिरवा. तशीच लव असलेली, पण तपकिरी, मळकट बोंड्यांची दोन-तीन रोपं हमखास सापडतील. माणसं त्यांना एकतर हाहाकोगुसाच समजतात नाहीतर 'काहीतरी तण' म्हणून सोडून देतात. या सगळ्या गोतावळ्याला इंग्रजीत कडवीड म्हणतात. 'कड' म्हणजे रवंथ. रवंथ थांबलेल्या गुरांना पूर्वी तिकडे हा पाला चारत, त्यावरून ते नाव पडलं.

निशी-कासाई भागात आपली मंडळी बरीच राहतात आणि तिथून हा बांध पायी गाठता येतो. नव्याने आलेल्या, संध्याकाळी मुलांना घेऊन बांधावर जाणाऱ्या आणि पायाखाली काय उगवलंय याची उत्सुकता असलेल्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. जपानमध्ये इतरत्र राहत असाल तरी चालेल. ही रोपं होन्शूपासून क्यूशूपर्यंत रस्त्याकडेला, बागेत, शाळेच्या मैदानावर, कुंडीतसुद्धा येतात.

पद्धत सांगण्याआधी ती मला कुणी शिकवली ते सांगते. दोन वर्षं मी या तपकिरी रोपांना सरसकट 'चिचिकोगुसा' म्हणत होते, कारण पुस्तकात तपकिरी बोंड्यांचा तेवढा एकच फोटो होता. मग आई साताऱ्याहून आली. मी भिंग लावून बोंड्या न्याहाळत बसले होते, तर ती शेजारी टेकली आणि बाजारात अळूचं पान बघावं तसं तिने एक पान अंगठ्याने उलटं केलं. "अगं, वरून काय बघतीयस? पालथं घाल की पान." वरून पान हिरवंगार, तकतकीत होतं. पाठ मात्र चुन्याचा हात दिलेल्या भिंतीसारखी पांढरीफेक. माझ्या पुस्तकातल्या फोटोतलं पान अरुंद, गवतासारखं होतं. हे चांगलं रुंद आणि कडांना नागमोडी. दोन वर्षं मी एका झाडाला दुसऱ्याच्या नावाने हाका मारत होते. या कुळात फूल शेवटी बघायचं, आधी पानाची पाठ आणि रोपाचा पायथा, हे मला त्या दिवशी कळलं.

सोबत काय घ्याल

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग असेल तर उत्तम. शंभर येनच्या दुकानातल्या साध्या भिंगावरही सुरुवात होते. लहान फूटपट्टी, आणि हाताच्या पंजाएवढा काळा कागद. या कागदाचं काम पुढे येईल. पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका. लव भिजली की पानाला चिकटून बसते, पान आहे त्यापेक्षा हिरवं दिसतं आणि आपली सगळी भिस्त तर लवेवरच आहे. ऊन पडून दोन तास झाले की निघा.

पहिली पायरी: रोप या घराण्यातलं आहे का

पानं एकाआड एक, अखंड, दाते नसलेली. खोडावर लोकरीसारखी लव. फुलाला पाकळ्या दिसतच नाहीत, नुसती बंद बोंडी. या तीन गोष्टी जुळल्या तर पुढे जा.

दोन रोपं इथे फसवतात. एक योमोगी. तिच्या पानाची पाठ अशीच पांढरी असते, पण पान खोल चिरलेलं असतं आणि चुरगळलं की दवण्याची आठवण होईल असा उग्र वास येतो. दुसरं ओरांदा-मिमिनागुसा, युरोपातून आलेलं केसाळ तण. हिवाळ्यात जमिनीलगत ते लांबून अगदी आपल्यातलं वाटतं. त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि केस वेगवेगळे, उभे असतात. आपल्या घराण्यात मात्र केस एकमेकांत गुंतून नमद्यासारखा थर होतो. बोट फिरवलं की फरक लगेच जाणवतो.

बोंडीबद्दल थोडं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातली ही मंडळी. म्हणजे आपण जिला एक फूल म्हणतो ती खरं तर बारीक बारीक फुलांची जुडी असते. झेंडूत कडेची फुलं पाकळीसारखी पसरतात. इथे तसं काही होत नाही. कडेची मादी फुलं दोऱ्याइतकी बारीक, मधे मोजकी नळीसारखी फुलं, आणि या सगळ्यांना कवेत घेणारी कोरडी, पातळ, कांद्याच्या सालीसारखी आवरणं. बोंडीचा जो रंग डोळ्यांत भरतो त्यातला बराचसा या आवरणांचा असतो.

दुसरी पायरी: पिवळं की तपकिरी, शेंड्याला की काखेत

बोंड्या स्वच्छ पिवळ्या आणि सगळ्या शेंड्यावर गुच्छाने बसलेल्या असतील, खोडाच्या मधल्या भागात पानांच्या बेचक्यात काहीच नसेल, तर ती हाहाकोगुसा. शास्त्रीय नाव स्यूडोनॅफॅलियम अफाइन. पानं पळीसारखी, टोकाला गोल, दोन्ही बाजूंनी सारखीच पांढुरकी. उंची १५ ते ४० सेंटिमीटर, बहर एप्रिल ते जून. बुडापासूनच तीन-चार खोडं फुटतात. पान दोन बोटांत धरून हलकेच चोळलंत तर लव सुटून बोटाला येते आणि खालचा हिरवा रंग दिसतो.

इथे जरा थांबते, कारण या रोपाला जपानी स्वयंपाकघरात जुनं स्थान आहे आणि ओळख पक्की करायला तेच कामी येतं. ७ जानेवारीला इथे सात पाल्यांची मऊ भाताची पेज करतात, नानाकुसा-गायु. त्या सातांतला 'गोग्यो' म्हणजेच हाहाकोगुसेची हिवाळी कोवळी पानं. त्या आधीचे तीन-चार दिवस सुपरमार्केटमध्ये सातही पाले एका छोट्या खोक्यात मिळतात. खोकं घरी आणा, गोग्योची जुडी वेगळी काढा आणि शिजवण्याआधी एक पान खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरा. कापूस विंचरून पसरल्यासारखे तंतू, पानाच्या वर आणि खाली अगदी सारखे. काठाशी ते पानाच्या बाहेर डोकावतात, म्हणून पानाला पांढरी किनार असल्यासारखी वाटते. खात्रीचा नमुना हातात धरून पाहायची याहून सोपी संधी नाही. एकदा डोळ्यात बसलं की बांधावरची गोग्यो लांबून ओळखू येते.

मार्चमधल्या बाहुल्यांच्या सणाला हिरवा मोची (चिकट तांदळाची वडी) खातात, तो आज योमोगीचा असतो. पूर्वी तो हाहाकोगुसेचा करत. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी बायका ही वनस्पती खुडून आणतात आणि तिच्या वड्या करतात, अशी नोंद ८७९ मध्ये पूर्ण झालेल्या राजदरबारी इतिहासग्रंथात आहे. पुढे तिची जागा योमोगीने घेतली. आई आणि लेकराला एकत्र कांडणं अशुभ वाटलं म्हणून, असं एक कारण सांगतात. चीन आणि तैवानमध्ये मात्र या पाल्याचे तांदळाच्या पिठातले पदार्थ आजही होतात.

वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल, तरी बांधावरचा पाला खुडून पेजेत घालू नका. कुठे तणनाशक मारलंय ते दिसत नाही, कुत्री फिरतात, आणि हिवाळ्यात नवशिक्याच्या हातून चूक होतेच. ओळख बांधावर करा, खायला विकतचं आणा.

हाहाकोगुसेशी घोटाळा होईल अशा पिवळसर बहिणी दोन. सेइताका-हाहाकोगुसा, 'उंच' हाहाकोगुसा, बाहेरून आलेली. हिची आवरणं मळकट, पेंढ्याच्या रंगाची असतात आणि भिंगातून पाहिलं तर फुलांची टोकं लालसर दिसतात. ही लाली पाहिली की शंका फिटते. हीच जात भारतातही नदीकाठच्या ओलसर वाळूत सर्रास येते. दुसरी आकीनो-हाहाकोगुसा, शरदातली. ती फुलते सप्टेंबरनंतर, वर भरपूर फांद्या फुटतात, आणि पान वरून हिरवं, खालून पांढरं. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'हायपोल्यूकम'चा अर्थच 'खालून पांढरी', आणि ते नाव १८३४ मध्ये भारतातल्या वनस्पतींवरच्या एका पुस्तकात पहिल्यांदा छापलं गेलं. जपानच्या अनेक प्रांतांत ती आता दुर्मीळ झाली आहे. दिसली तर फोटो घ्या, उपटू नका.

तिसरी पायरी: तपकिरी असेल तर गुच्छाखाली चांदणी शोधा

बोंड्या तपकिरी निघाल्या की पहिला प्रश्न हाच: शेंड्यावरच्या गुच्छाच्या अगदी खाली तीन ते पाच अरुंद पानं चांदणीसारखी पसरलेली आहेत का? असतील तर तुम्ही खऱ्या चिचिकोगुसापाशी आहात. 'चिची' म्हणजे बाप. आईच्या जोडीला बाप-लेकरू.

हा इथला मूळ रहिवासी. स्वीडनचा थुनबर्ग १७७५ मध्ये डच कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीच्या देजिमा बेटावर आला आणि १७८४ च्या त्याच्या जपानी वनस्पतींच्या ग्रंथात या रोपाला नॅफॅलियम जॅपोनिकम म्हणून नाव मिळालं. आज ते युकायटन जॅपोनिकस. खोड एकच, सडपातळ, ८ ते २५ सेंटिमीटर, मधे फारशी पानं नाहीत. शेंड्यावर बोंड्यांचा एकच घट्ट गोळा आणि खाली ती चांदणी. जमिनीलगतची पानं लांब, अरुंद, जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद, वरून हिरवी, पाठीने पांढरी. फूल आल्यावरही ती हिरवीच राहतात. आणि सगळ्यात पक्की खूण मातीत: बुडापासून धावती खोडं निघून शेजारी नवी रोपं होतात, स्ट्रॉबेरीची होतात तशी. त्यामुळे एक सापडला की हातभर परिघात पाच-सहा मिळतात.

माझ्या फेरीतल्या नदीच्या बांधावर तो मला क्वचितच दिसला. जुन्या देवळांच्या आवारात, शेवाळ धरलेल्या दगडी पायऱ्यांच्या कडेला, क्वचित कापल्या जाणाऱ्या हिरवळीत तो भेटतो. आराकावाचा इथला प्रवाह हा मुळात पूर टाळण्यासाठी खणून १९३० मध्ये पूर्ण केलेला कालवा आहे, आणि त्याचा बांध वर्षातून अनेकदा कापला जातो. अशा सतत उलथापालथ होणाऱ्या जागी नव्याने आलेली मंडळी जोर धरतात. म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे की तपकिरी दिसलं रे दिसलं की 'चिचिकोगुसा' अशी नोंद करू नका. मी दोन वर्षं केलेल्या चुकीच्या नोंदी वाचून कुणालाही वाटेल की हे रोप इथे मुबलक आहे, आणि ते तसं नाही.

चौथी पायरी: पान पालथं घाला

चांदणी नाही, आणि तपकिरी बोंड्या शेंड्यापासून खाली खोडाच्या बऱ्याच भागावर पानांच्या बेचक्यांत टप्प्याटप्प्याने बसलेल्या आहेत. म्हणजे आपण आता अमेरिका खंडांतून आलेल्या गॅमोकीटा या प्रजातीतल्या मंडळींत आलो. ही चौकडी एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहे की फोटो ओळखणारी अ‍ॅप्ससुद्धा त्यांची अदलाबदल करतात. एकाच रोपाचे तीन कोनांतले फोटो टाकून मला तीन नावं मिळाली आहेत. पण हातात पान असलं की चौघं बहुतेक वेळा एकमेकांपासून सुटे होतात.

खोडाच्या मध्यावरचं एक पान निवडा. शेंड्याजवळचं नको, ते कोवळं असल्याने जास्त लोकरी असतं. बुडाचं नको, ते वाळलेलं असू शकतं. आधी वरची बाजू बघा, मग पालथं घाला.

वरून तकतकीत हिरवं, खालून पांढरंशुभ्र, काठ नागमोडी: हा उराजिरो-चिचिकोगुसा. 'उरा' म्हणजे पाठ किंवा अस्तर, 'शिरो' म्हणजे पांढरं. नावातच खूण सांगितली आहे. शास्त्रीय नाव गॅमोकीटा कोआर्क्टाटा, माहेर दक्षिण अमेरिका. दोन बाजूंतला फरक इतका ठळक असतो की पैठणीचा पदर उलटल्यासारखं वाटतं. पाठीवरची लव घट्ट दाबलेली असते, हाहाकोगुसेसारखी चोळून सहजी निघत नाही. तोक्योच्या हिरवळींवर, फूटपाथच्या फटींत आज सगळ्यात जास्त भेटणारा हाच. आईने उलटलं होतं ते पान याचंच.

दोन्ही बाजू राखाडी-हिरव्या, पान टोकाकडे चांगलं रुंद, उलथन्याच्या आकाराचं: हा चिचिकोगुसा-मोदोकी. 'मोदोकी' म्हणजे तसा दिसणारा पण तो नव्हे. गॅमोकीटा पेन्सिल्वॅनिका हे याचं शास्त्रीय नाव, आणि पेन्सिल्वेनियाचा त्यातला उल्लेख फसवा आहे, कारण याचं मूळ घर बहुधा दक्षिण अमेरिका मानतात. भारतातही तो पोचला आहे. बोंड्यांचं बूड फुगीर असतं आणि लोकरीत रुतलेलं, जणू बोंडी कापसाच्या पेळूत खोचली आहे.

दोन्ही बाजू राखाडी, पण पान अरुंद आणि खोड सरळ ताठ: हा ताची-चिचिकोगुसा. 'ताची' म्हणजे उभा. मोदोकीशी याचा घोटाळा होतो तेव्हा पानाची रुंदी बघा, आणि बोंडीचं बूड बघा. याच्या बोंडीवर लोकर जवळजवळ नसते.

कोवळ्या बोंड्यांच्या टोकांना फिकट गुलाबी छटा: हा उसुबेनी-चिचिकोगुसा, म्हणजे 'फिक्या लालीचा'. इथे वेळेचं भान ठेवा. ही लाली बोंडी पिकली की उडते, आणि उराजिरोची बोंडीही लहानपणी जांभळट तपकिरी असते. पानाची पाठ पांढरी, वर मात्र तुरळक कोळिष्टकासारखी लव आणि उराजिरोची तकाकी नाही, असं जुळलं तरच उसुबेनी म्हणा.

पाचवी पायरी: पायथा तपासा

गवत दोन्ही हातांनी बाजूला सारा. रोप फुललेलं असताना जमिनीलगतचं पानांचं चक्र जिवंत आहे की वाळून गेलंय?

उराजिरोचं चक्र फुलल्यावरही हिरवं, रुंद, जमिनीला चापून बसलेलं असतं. मोदोकी आणि ताची यांचं वाळून गेलेलं असतं, खोडाच्या तळाशी तपकिरी चिंध्या तेवढ्या उरतात. हाहाकोगुसेचंही बहरात कोमेजतं. चिचिकोगुसाचं टिकतं, पण त्याची पानं अरुंद, हे वर आलंच. चौथ्या आणि पाचव्या पायरीचं उत्तर एकमेकांशी जुळत नसेल तर दुसरं रोप घ्या. कापणीनंतर पुन्हा फुटलेली रोपं बुटकी आणि विचित्र वाढतात, त्यांच्यावरून निर्णय करू नये.

सहावी पायरी: म्हातारीचे केस

रुईची म्हातारी उडवण्यात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना ही पायरी आवडेल. या रोपांच्या बिया अर्धा-एक मिलिमीटरच्या, आणि प्रत्येकीला बारीकशी म्हातारी. काळा कागद आणला होता तो आता काढा. पिकून उघडू लागलेली बोंडी त्यावर धरून टिचकी मारा आणि वारा लागू न देता भिंगातून पाहा.

सगळे केस तळाशी एका कड्यात जोडलेले आणि केसांचा पुंजका अखंड गळून पडलेला दिसला, तर गॅमोकीटा. हाहाकोगुसेचे केस सुटे नाहीतर विस्कळीत झुपक्यांत येतात, पक्कं कडं नसतं. गॅमोकीटा या ग्रीक नावातच हे आहे: 'गॅमोस' म्हणजे लग्न, 'कीटा' म्हणजे राठ केस. लग्नगाठ बांधलेले केस. हे काम मान मोडून करावं लागतं, पण ज्या रोपाची बाकीची लक्षणं कापणीत गेली त्याचं घराणं एवढ्यावरून ठरतं.

एकदा अशीच बोंडी शोधताना हाहाकोगुसेच्या शेंड्याची पानं मला जाळीने शिवल्यासारखी दिसली. मी ती लवच समजले. उकलल्यावर आत काळसर, काटेरी केसांची अळी निघाली. हिमे-आकाताते-हा या फुलपाखराची सुरवंटं हा पाला खातात, आणि हे फुलपाखरू आपल्या सह्याद्रीतही उडतं, इंग्रजीत पेंटेड लेडी म्हणतात ते. पानं अशी एकत्र ओढून बांधलेली दिसली तर उघडू नका. लव पानाला धरून असते, रेशीम एका पानावरून दुसऱ्यावर ताणलेलं असतं.

हिवाळ्यातली परीक्षा

डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं नसतात, नुसती चक्रं. नवशिक्याने इथून सुरुवात करू नये, पण एक वसंत पाहून झाला की नक्की करून बघा. वर-खाली सारखं पांढरट, मऊ, गोल टोकाचं पान म्हणजे हाहाकोगुसा. वर हिरवी तकाकी, काठ नागमोडी, खाली पांढरं म्हणजे उराजिरो. गवतासारखं अरुंद, पाठ पांढरी, आणि बुडाशी धावतं खोड म्हणजे चिचिकोगुसा. राखाडी आणि रुंद असेल तर मोदोकी, पण कोवळी हाहाकोगुसा आणि मोदोकी यांत शंका राहिली तर चक्राशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून तारीख लिहा आणि एप्रिलमध्ये परत या. माझ्या अठरा काड्यांपैकी अकरा कापणीत गेल्या. उरलेल्या सातांनी मला जे शिकवलं ते पुस्तकात नव्हतं: उन्हातल्या मोदोकीचं पान सावलीतल्या हाहाकोगुसेपेक्षा जास्त पांढरं असू शकतं. म्हणून एकाच जागेवरच्या रोपांची आपसात तुलना करा, इथल्याची तिथल्याशी नको.

नोंद कशी ठेवाल

दर रोपाचे पाच फोटो: पूर्ण रोप, बोंड्या जवळून, त्याच पानाची वरची बाजू, त्याच पानाची पाठ, आणि गवत सारून पायथा. पानाच्या दोन्ही बाजू एकाच उजेडात टिपा, शक्यतो सावली धरून. उन्हात पांढरी पाठ फोटोत फटफटीत होते आणि लवेचा पोत हरवतो. जागा आणि तारीख लिहा.

नावांबाबत एक सूचना. जुन्या पुस्तकांत ही सगळी मंडळी नॅफॅलियम या एकाच प्रजातीत होती. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ लोकरीचा पुंजका. आता ती तीन-चार घरांत वाटली गेली आहेत, त्यामुळे एकाच रोपाची दोन शास्त्रीय नावं दिसली तर गोंधळू नका. जपानी नावं त्या मानाने स्थिर आहेत, पण तीही कधी दगा देतात. सात पाल्यांतलाच 'होतोकेनोझा' घ्या. आज त्या नावाने ओळखलं जाणारं जांभळ्या फुलांचं तण वेगळं, आणि पेजेत पडतो तो पाला वेगळा. मुलं नाव ऐकून ते जांभळं तण खुडायला धावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

हाहाकोगुसेचं शास्त्रीय नाव डेव्हिड डॉनने १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात दिलं. हे समजल्यापासून ती मला जपानइतकीच आपल्या बाजूचीही वाटते. आणि महाराष्ट्रात परत गेलात तर ही नजर तिथेही उपयोगी पडेल. जानेवारीच्या सुमारास पाणी ओसरलेल्या नदीपात्रात, तळ्याकाठी, ओलीच्या शेतात बघा.

आई गेल्या हिवाळ्यात साताऱ्याजवळ माहुलीला संगमावर गेली होती. तिथून तिने मला फोटो पाठवले. घाटाखालच्या ओल्या गाळात बुडापासून सात-आठ खोडं फुटलेलं, टीचभर, लोकरी रोप. बोंड्या फिकट, शेंड्यालाही आणि पानांच्या बेचक्यांतही. दुसऱ्या फोटोत तिच्या तळहातावर दोन पानं होती, एक उताणं, एक पालथं, दोन्हीकडून पांढुरकी. मी विचारलं, "बोंडी टिचकावलीस का?" तर म्हणाली, "काळ्या छत्रीवर झाडली. केस सुटे सुटे पडले बघ, कडं काही दिसलं नाही." नॅफॅलियम पॉलिकॉलॉन. पॉलिकॉलॉन म्हणजे पुष्कळ खोडांचं.